सहा, बारा, अठरा

सुरतेच्या झांपा बाजारात दाऊदी बोहरा समाजाची देवडी (धर्मगुरूंचा वाडा) आहे, आणि १८१४ साली सुरू झालेली अल-जामिआ-तुस-सैफिया ही त्यांची मोठी शिक्षणसंस्थाही सुरतेतच आहे. या वस्तीतून फिरताना पुरुषांच्या डोक्यावरची टोपी जरूर पाहावी. पांढरीशुभ्र, वरून सपाट, बाजूला उभी भिंत, आणि त्या भिंतीवर सोनेरी नक्षीचा पट्टा. लांबून वाटतं, कापडाची टोपी शिवून तिच्यावर भरतकाम केलं असावं. जवळ गेल्यावर कळतं, की तिच्यात कापड नाहीच. बारीक पांढरं सूत आणि सोनेरी धागा बरोबरीने चालवत ती सगळी क्रोशाच्या सुईने विणलेली असते. हे काम बोहरा घरांतल्या बायका घरी बसून करतात. बारीक दोऱ्याची, दाट नक्षीची टोपी पुरी व्हायला आठवडे लागतात, आणि नक्षीत एक टाका चुकला तर पुढचा सगळा पट्टा सरकतो. क्रोशाकामाचा इतका कसलेला नमुना आपल्याकडे क्वचितच पाहायला मिळतो.

अशी टोपी नवशिक्याच्या हातून पहिल्या महिन्यात होणार नाही. पण ती ज्या हिशेबावर उभी आहे तो हिशेब पहिल्या दिवशीच कळू शकतो, आणि तो एकदा कळला की कानातली, केसांचा रबर, बटवा, गजरा या सगळ्या वस्तू नमुन्याचा कागद समोर न ठेवता विणता येतात. शिकवणाऱ्या पुस्तकांची गंमत अशी, की त्यांत प्रत्येक वस्तूची कृती वेगळी दिलेली असते: इथे इतके टाके, तिथे तितके. मुलगी कृती पाठ करते, वस्तू करते आणि पुस्तक मिटलं की अडकते. या प्रकरणात एकच हिशेब धरून चालायचं आहे. वर्तुळात टाके किती वाढवायचे, एवढाच तो प्रश्न आहे.

आधी सामानाचं बोलू, कारण सुरतेत सामानाचा मोह फार. भागळजवळच्या चौटा बाजारात बायकांच्या गरजेचं काय मिळत नाही! क्रोशाच्या सुया, रंगीत दोरे, मणी, कानातल्याच्या कड्या, केसांचे रबर, सगळं एका फेरीत घेऊन होतं. आणि हे शहर कृत्रिम धाग्याचं. उधना, पांडेसरा, लिंबायत या भागांत पॉलिएस्टरच्या साड्या आणि ड्रेसचं कापड अहोरात्र तयार होतं. त्यामुळे चमकदार, गुळगुळीत धागा इथे सहज आणि स्वस्तात हाती लागतो. नवशिक्याने त्याला हात लावू नये. पॉलिएस्टरचा धागा सुईवरून घसरतो, टाका सैल पडला की सैलच राहतो, आणि शेवटची गाठ आपोआप सुटते. जरीचा धागा तर आणखी हट्टी. सुरतेच्या जरीला भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे आणि तो योग्यच आहे. पण आज बाजारात सर्वांत जास्त दिसते ती प्लास्टिकची जरी. पॉलिएस्टरच्या फिल्मवर धातूचा मुलामा चढवून तिच्या केसासारख्या पट्ट्या कापतात. ही पट्टी सुईच्या टोकाला घासली की फाटते आणि दोऱ्यावर गुंडाळलेली असेल तर उलगडत जाते. जरी वापरायची ती शेवटच्या फेरीत, एखाद्या सुती दोऱ्याच्या जोडीने, हात बसल्यावर.

सुरुवात सुती दोऱ्याने करावी. चार पदरी, जरा जाडसर, फिक्या रंगाचा. फिका अशासाठी, की काळ्या किंवा गडद निळ्या दोऱ्यात टाके डोळ्यांना दिसत नाहीत आणि नवशिक्याला मोजता आले नाहीत तर सगळंच बिघडतं. सुई ३ किंवा ३.५ मिलिमीटरची. ॲल्युमिनियमची साधी सुई चालते. पातळ पोलादी सुया, १ मिलिमीटरच्या आसपासच्या, २० किंवा ४० नंबरच्या बारीक दोऱ्यासाठी असतात. आजीच्या पेटीत बहुधा त्याच सापडतात आणि त्यांनीच शिकायला बसलेली नात आठवड्यात कंटाळते. ती पेटी जपून ठेवावी, पण पहिली सुई जाडच घ्यावी.

टाके तीनच लागतील. साखळी म्हणजे सुईवरच्या फासातून धागा ओढून काढलेला पुढचा फास. ती बहुतेकांना लहानपणीच येते. मुका खांब करताना सुई खालच्या टाक्यात घालायची, धागा ओढून वर आणायचा, म्हणजे सुईवर दोन फास होतात. मग धागा घेऊन दोन्हींतून एकदम काढायचा. खांब उंच असतो. सुई टाक्यात घालण्यापूर्वीच तिच्यावर एक वेढा घ्यायचा, धागा वर आणला की तीन फास होतात, मग दोन-दोन करून दोनदा सोडवायचे. बस. पन्नास-साठ साखळ्यांवर या दोन्ही खांबांच्या चार-चार ओळी करून पाहा. पट्टी कडेला आत जात असेल तर ओळीच्या शेवटचा टाका सुटतोय. पट्टी कडक, लाकडासारखी होत असेल तर डाव्या हातातला धागा फार ताणला जातोय.

आता वर्तुळ. चार साखळ्या घेऊन त्यांचं टोक पहिल्या साखळीत अडकवा, छोटी कडी झाली. तिच्यात ६ मुके खांब. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे १२. तिसऱ्या फेरीत एक टाका साधा आणि दुसऱ्यात दोन, म्हणजे १८. मग दोन टाके साधे आणि तिसऱ्यात दोन, २४. पुढे ३०, ३६. दर फेरीला सहाच वाढतात. हे सहा कुठून आले? मुका खांब जवळजवळ चौरस असतो, जेवढा रुंद तेवढाच उंच. एक फेरी पुरी झाली की वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याने वाढते. त्रिज्या एकाने वाढली की परीघ दोन पायने, म्हणजे ६.२८ ने वाढतो. सातवीत शिकलेलं सूत्र इथे दोऱ्यात उतरतं. खांब मुक्या खांबाच्या साधारण दुप्पट उंच, म्हणून खांबांचं वर्तुळ करताना दर फेरीला १२ वाढवावे लागतात. ज्यांना सहा आणि बारा का हे समजलं, त्यांचं वर्तुळ कधी वाकडं होत नाही. झालं तर कुठे चुकलं ते ताबडतोब कळतं. प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात एक सेफ्टी पिन अडकवून ठेवा, म्हणजे फेरी कुठे सुरू झाली ते शोधत बसावं लागणार नाही.

या हिशेबाच्या तीन बाजू आहेत आणि त्यांतच सगळ्या वस्तू येतात. जेवढे हवेत तेवढेच टाके वाढवले तर तबकडी सपाट राहते. कमी वाढवले, किंवा वाढवणं थांबवलं, तर कडा वर उचलल्या जातात आणि वाटी होते. जास्त वाढवले तर कडेला जागा पुरत नाही, ती दुमडते आणि झालर पडते. नवशिक्या बायका वाटी किंवा झालर झाली की उसवायला घेतात. उसवू नका, तिचं काय करता येईल ते पाहा.

सपाटातून कानातली करता येतात, आणि पहिली वस्तू म्हणून माझ्या मते यापेक्षा चांगलं काही नाही. कारण इथे पाया आयता मिळतो. ४ सेंटिमीटर व्यासाची धातूची कडी घ्या, तिच्याभोवतीच मुके खांब भरत जा. कडीचा परीघ साडेबारा सेंटिमीटर. मध्यम जाडीच्या दोऱ्याचा एक मुका खांब ३ मिलिमीटरच्या आसपास जागा घेतो, म्हणजे ४२ खांबांत कडी झाकली जाते. टाके सारखे नसले तरी कडी त्यांना सरळ धरून ठेवते, आणि हाताला टाक्याचा अंदाज येतो. ४२ ला ६ ने भाग जातो, हेही सोयीचं. पुढच्या फेरीत दोन टाके सोडून तिसऱ्यात पाच खांब, पुन्हा दोन सोडून एक मुका खांब, असं करत गेलं की बरोबर सात पाकळ्या पडतात. तासाभरात जोड तयार. दुसरं कानातलं पहिल्यासारखंच झालं तर समजायचं, हात बसायला लागला.

झालरीतून केसांचा रबर होतो, ज्याला मुली आता स्क्रंची म्हणतात. ५ सेंटिमीटर व्यासाचा जाडसर रबर घ्या. त्याच्यावर चार पदरी दोऱ्याचे ६० मुके खांब करा. हिशेबाने पाहिलं तर रबराच्या सोळा सेंटिमीटर परिघावर इतके मावत नाहीत, चाळीसच मावतात. पण रबर केसांत घालताना ताणला जाणार आहे आणि आतली वीण ताणली जात नाही. कमी टाके घेतले तर रबर उघडणारच नाही. तेव्हा दाटीवाटीने ६० बसवायचे. पुढच्या फेरीत प्रत्येक टाक्यात तीन खांब. १८० खांबांना राहायला जागा कुठे? ते लाटा घेतात, आणि त्याच स्क्रंचीच्या चुण्या.

या लाटांचं एक मोठं प्रकरण गणितात आहे. ज्या पृष्ठभागावर कडेला जागा हवी त्यापेक्षा सतत जास्त वाढत जाते, त्याला हायपरबोलिक पृष्ठभाग म्हणतात. कागदाची प्रतिकृती करायला जावं तर ती फाटते, हातात धरता येत नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या दाइना ताइमिना या मूळच्या लाटव्हियाच्या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली तो क्रोशाने विणून दाखवला. ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवायचा, एवढाच नियम त्यांनी प्रत्येक ओळीला पाळला. विद्यार्थ्यांच्या हातात ती लाटालाटांची वस्तू आली आणि जे चित्रात समजत नव्हतं ते बोटांना समजलं. सुरतेच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या स्क्रंचीतही तोच नियम आहे, आणि शाळेतल्या मुलींना हे जरूर सांगावं.

आता वाटी. सपाट तबकडी आठव्या फेरीपर्यंत न्या, म्हणजे ४८ टाके. जाडसर दोऱ्यात हा तळ सुमारे ६ सेंटिमीटरचा होतो. पुढे वाढवणं पूर्ण बंद, दर फेरीला ४८ च. दोन-तीन फेऱ्यांतच भिंत उभी राहू लागते. तळ आणि भिंत यांच्यामध्ये धारदार कोपरा हवा असेल तर भिंतीची पहिली फेरी टाक्याच्या फक्त मागच्या पदरात सुई घालून करावी. अशा बाराएक फेऱ्यांनी पाच सेंटिमीटर उंची येते. मग एक खांब, एक साखळी, खालचा एक टाका सोडून पुन्हा एक खांब, अशी जाळीची फेरी. तिच्यातून दोरी ओवायची. वर मुक्या खांबांची एक फेरी घातली की तोंड पक्कं होतं. हातभर साखळीच्या दोन दोऱ्या विरुद्ध बाजूंनी ओवल्या, की दोन्ही हातांनी ओढून मिटणारा बटवा तयार. चिल्लर, सुपारी, कानातली, प्रवासात औषधाच्या गोळ्या, काहीही ठेवा. बोहरा टोपीचं शरीरही याच दोन भागांचं आहे: सपाट तळ आणि वाढ थांबवलेली भिंत. ५६ सेंटिमीटर घेराच्या डोक्याला तबकडी पावणेअठरा सेंटिमीटर व्यासाची लागेल, हे आता तुम्हीच भागाकार करून काढू शकता.

राहिला गजरा. लग्नसराईत क्रोशाचा मोगऱ्याचा गजरा आता सर्रास दिसतो, आणि सुरतेच्या उन्हात खरा गजरा दुपारपर्यंत कोमेजतो, तेव्हा त्याची सोयही आहे. सगळ्यांत सोपा प्रकार असा: पांढऱ्या सुती दोऱ्याच्या ७० साखळ्या, आणि परत येताना प्रत्येक साखळीत तीन खांब. वर्तुळाऐवजी सरळ रेषेवर तीच जास्तीची वाढ. पट्टी आपोआप स्वतःभोवती पिळत जाते, बोटांनी थोडी वळवून दिली की दाट गुंडाळी होते. शेवटी हिरव्या दोऱ्याचे चार-पाच टाके मध्येमध्ये घालावेत. संपूर्ण पांढरा गजरा लांबून कापसाचा वाटतो. टोकांना साखळीच्या दोऱ्या सोडल्या म्हणजे अंबाड्यावर बांधता येतो.

इथे बाजारातल्या एका गोष्टीची ओळख करून द्यायला हवी. कापडबाजारात वाराने विकली जाते ती ‘क्रोशे लेस’. ती हातची नसते, तिचं यंत्र वेगळं असतं. ओळखायची खूण सोपी आहे. हाताच्या क्रोशात एकरंगी वस्तू सहसा एकाच धाग्याची असते आणि कोणत्याही क्षणी सुईवर एकच जिवंत फास असतो. शेवटचा टाका सोडून धागा ओढला की सगळं उसवत पहिल्या साखळीपर्यंत येतं. यंत्राच्या लेसमध्ये अनेक धागे लांबीच्या दिशेने शेजारीशेजारी चाललेले दिसतात. स्वेटरसारखी वीण यंत्राला १५८९ पासून येते, इंग्लंडच्या विल्यम ली यांच्या मोज्यांच्या यंत्रापासून, कारण त्या विणीत रांगेतले सगळे फास सुयांवर एकाच वेळी तयार उभे असतात. क्रोशाची सुई मात्र आधीच पूर्ण झालेल्या विणीत कुठेही, कोणत्याही दिशेने शिरते आणि एक टाका पुरा करून मगच पुढे जाते. हे काम कारखान्याच्या वेगाने करणारं यंत्र अजून बाजारात आलेलं नाही. लाखो माग चालणाऱ्या या शहरात हातानेच होणारी अशी वीण टिकून आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

म्हणूनच तिच्या दामाचं बोललं पाहिजे. लिंबायत, उधना, डिंडोली भागात खानदेशातून, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली हजारो मराठी कुटुंबं राहतात. पुरुष मागावर किंवा बाजारात, आणि घरात बायका साडीला टिकल्या चिकटवणं, लेस लावणं, धागे कापणं अशी नगावरची कामं करतात. त्यांच्यातल्या कित्येकींना क्रोशा येतो. माहेरच्या रुखवतात मांडलेले रुमाल, तोरणं, ताटावरची जाळी त्यांनीच विणलेली असतात. पण रुखवतातल्या कामाचे तास कुणी मोजत नाही, आणि तीच सवय विक्रीत उतरते. आंध्रातल्या नरसापूरला मिशनरींनी एकोणिसाव्या शतकात क्रोशाची लेस आणली आणि ती परदेशी जाऊ लागली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ साली तिथल्या विणकरणींवर पुस्तक लिहिलं. दिवसाचे कित्येक तास विणणाऱ्या त्या बायकांची नोंद कामगार म्हणून होत नव्हती, गृहिणी म्हणून होत होती. फावल्या वेळचं काम म्हणून दर कमी आणि नफा व्यापाऱ्याचा. आयर्लंडमध्ये १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात ख्रिस्ती धर्मभगिनींच्या शाळांनी मुलींना क्रोशा शिकवला, तेव्हा कामाची वाटणी मात्र हुशारीने झाली होती: एक घर फक्त गुलाब विणणार, दुसरं फक्त पानं, आणि जोडणी तिसरीकडे. एकच आकार शंभरदा केला की वेग येतो. सखी मंडळातल्या, म्हणजे बचत गटातल्या, पाच जणींनी कानातल्याच्या कड्या, गजऱ्याच्या पट्ट्या आणि जोडणी अशी वाटणी केली तर हेच साधेल.

विकायचं ठरलं तर आधी तीन सारख्या वस्तू घड्याळ लावून विणा. पहिलीचा वेळ सोडून द्या, दुसऱ्या-तिसऱ्याची सरासरी घ्या. तासाला काय मिळायला हवं ते स्वतः ठरवा; निदान टिकल्या चिकटवून तासाला जे पडतं त्याहून कमी नको, कारण ते काम शिकायला दिवस लागतो आणि हे शिकायला महिने. त्यात दोरा, कडी, रबर यांचा खर्च मिळवा, आणि दोऱ्याची टोकं आत लपवायचा वेळही मिळवा. हा वेळ बहुतेक जणी विसरतात. प्रत्येक टोक निदान पाच-सहा सेंटिमीटर उलट्या बाजूने ओवून, मग दिशा बदलून परत आणावं लागतं, नाहीतर दुसऱ्या धुण्याला ते बाहेर डोकावतं. दोन रंगांच्या स्क्रंचीला चार टोकं असतात. त्यामुळे गिऱ्हाइकाने प्रत्येक फेरी वेगळ्या रंगाची मागितली, तर दर वेगळा सांगायचा.